वाढवण भूशिर

वाढवण भूशिर हे महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर असलेले खडकाळ भूशिर आहे. चिंचणी-तारापूरच्या खाडीच्या उत्तरेस, वरोर गावाजवळ, वाढवण गावाच्या पश्चिमेला जमिनीचे एक टोक समुद्रात शिरले आहे. त्याच्यापुढे काळ्या खडकांचा विस्तीर्ण पट्टा आहे. हा पट्टा भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो आणि ओहोटीला उघडा पडतो. शंखोदर हे स्थानिक तीर्थ याच खडकांत आहे. १९९७-९८ पासून हे भूशिर प्रस्तावित वाढवण बंदरामुळे देशभर चर्चेत आले.

गुजरातमधील सुरेंद्रनगरजवळच्या वढवाण शहराशी या गावाची गल्लत करू नये. बंदराच्या सरकारी कागदपत्रांत 'वाढवण', 'वाधवण' आणि 'वाधवान' अशी तीन-चार रूपे आढळतात. परिसरात मात्र 'वाढवण' हेच रूप रूढ आहे.

भूरचना

पालघर जिल्ह्याचा किनारा बहुतांशी सपाट आहे. खाड्या, खाजणे, सुरूची बने आणि लांबच लांब पुळणी हे त्याचे नेहमीचे रूप. केळवे, चिंचणी, डहाणू, बोर्डी येथील किनारे त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. वाढवण येथे मात्र हे चित्र बदलते. येथे किनाऱ्याला वाळूऐवजी दख्खनच्या पठाराचाच अग्निजन्य खडक, म्हणजे बेसाल्ट, समुद्राला सामोरा आहे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांतून तयार झाला. मुंबई-पनवेलपासून उत्तरेकडे किनाऱ्यालगतच्या भागात हे लाव्हाचे थर समुद्राच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडे, कललेले आढळतात.

भूशिरापुढचा खडकाळ पट्टा हा भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला 'तरंगघर्षित मंच' म्हणतात त्या प्रकारचा आहे. लाटांचा मारा, लाटांबरोबर येणाऱ्या दगडगोट्यांचे घर्षण आणि आलटून पालटून भिजण्या-सुकण्याने होणारी झीज यांमुळे खडकाचा वरचा भाग कापला जातो आणि भरती-ओहोटीच्या पातळीवर एक जवळजवळ सपाट ओटा शिल्लक राहतो. समुद्रात पुढे आलेल्या टोकाकडे लाटा वळून एकवटतात, म्हणून भूशिरावर झीज अधिक होते. दोन्ही बाजूंच्या आतल्या वळणांत लाटांचा जोर ओसरतो, म्हणून तेथे वाळू साचते. वाढवणचा खडक आणि त्याच्या आजूबाजूची पुळण ही अशी एकाच क्रियेची दोन फळे आहेत. भूशिराचा आधार गेला किंवा त्यापुढे बांध पडला, तर लाटांची दिशा बदलते आणि वाळूची जागाही बदलते. बंदराच्या वादात किनाऱ्याची धूप हा मुद्दा वारंवार आला, त्याचे मूळ यात आहे.

या भागात उधाणाच्या भरतीला पाणी सुमारे पाच मीटर चढते-उतरते. किनाऱ्याचा उतार मंद असल्याने ओहोटीला खूप मोठे क्षेत्र उघडे पडते. खडकांतील खोलगट जागांत पाणी साठून डबकी तयार होतात. कालवे, शिंपल्या, खेकडे, शेवंडीची पिले, समुद्रशेवाळे आणि लहान मासे यांना या डबक्यांत आसरा मिळतो. पुढे समुद्रतळ मात्र तुलनेने लवकर खोल होतो. किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर वीस मीटरची नैसर्गिक खोली मिळते. मासळीची वीण आणि मोठ्या जहाजांचे बंदर या दोन परस्परविरोधी गोष्टींना हीच एक जागा सोयीची ठरावी, हा निसर्गाचा योगायोगच म्हणावा लागेल.

शंखोदर आणि आख्यायिका

शंखोदर हे नाव 'शंख' आणि 'उदर' या दोन शब्दांपासून झालेले दिसते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील ही खडकाळ जागा परिसरात पवित्र मानली जाते. वनवासात असताना रामाने येथे येऊन पिता दशरथ याच्यासाठी पितृकार्य केले, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे या जागेचे महत्त्व मुख्यतः पितरांसाठी करावयाच्या विधींशी जोडले गेले आहे. येथे जाणे-येणे समुद्राच्या मर्जीवर आहे, कारण भरती आली की वाट पाण्याखाली जाते.

रामाचा वनवास आणि कोकणचा किनारा यांची सांगड घालणारी ही एकमेव कथा नव्हे. मुंबईच्या मलबार टेकडीवरील वाळकेश्वर आणि बाणगंगा यांची कथाही याच जातीची आहे: सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने तेथे वाळूचे शिवलिंग केले आणि बाण मारून गोडे पाणी काढले. दोन्ही ठिकाणी समुद्रात शिरलेले खडकाळ टोक आहे, दोन्ही ठिकाणी पितरांचे विधी होतात आणि दोन्ही कथा रामाला किनाऱ्याच्या अगदी कडेवर आणून उभे करतात. जमीन जेथे संपते ती जागा इहलोक आणि परलोक यांच्या सीमेसारखी वाटणे स्वाभाविक आहे. पश्चिमेकडे, मावळत्या सूर्यासमोर, पाण्याने वेढलेल्या खडकावर तर्पण करण्याची कल्पना यातूनच दृढ झाली असावी.

नावाच्या बाबतीत आणखी एक साम्य उल्लेखनीय आहे. सौराष्ट्रातील बेट द्वारकेला 'शंखोद्धार' असे नाव असून तेथे शंखासुराच्या वधाची कथा सांगितली जाते. वाढवणचे शंखोदर आणि ते शंखोद्धार यांचा उच्चार जवळचा आहे आणि या दोन किनाऱ्यांत शतकानुशतके गलबतांची ये-जा होती. तथापि केवळ नामसाम्यावरून एक तीर्थ दुसऱ्यावरून आले असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. शंख सापडणाऱ्या किनाऱ्यावर शंखाचे नाव सुचायला बाहेरून कोणी येण्याची गरज नसते.

याच किनाऱ्यावर, उत्तरेकडे गुजरातच्या हद्दीत असलेल्या संजाण येथे, पारशी समाजाच्या आगमनाची कथा घडते. बहमन कैकोबाद याने १५९९ मध्ये फारसी पद्यात लिहिलेल्या 'किस्सा-इ-संजान' या ग्रंथात समुद्रातील वादळ, त्यातून सुटका झाल्यास पवित्र अग्नी स्थापन करण्याचा नवस आणि जादी राणा या राजाने दिलेला आश्रय यांचे वर्णन आहे. दुधात साखर विरघळवून दाखवल्याची सर्वांना ठाऊक असलेली कथा मात्र या ग्रंथात नाही. ती मौखिक परंपरेतून आली आहे. संजाणवर आक्रमण झाल्यावर पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बहारोटच्या डोंगरातील लेण्यांत बारा वर्षे लपवून ठेवण्यात आला, असेही ही परंपरा सांगते.

प्राचीन आणि मध्ययुगीन इतिहास

वाढवणच्या परिसराचा सर्वांत विश्वसनीय प्राचीन पुरावा शेजारच्या चिंचणी गावाने दिला आहे. १९५५ मध्ये तेथे शेतात ताम्रपट सापडले. त्यांपैकी सर्वांत जुना राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यात संयान मंडलाचा, म्हणजे संजाणच्या प्रदेशाचा, कारभार 'मधुमती सुगतिप' या ताजिक अधिकाऱ्याकडे असल्याचे नमूद आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय. त्याच्या पित्याचे नाव सहियारहार, म्हणजे शहरियार. त्याने आपल्या स्वामीसाठी किनाऱ्यावरील बंदरांचे अधिपती जिंकून तेथे आपले अधिकारी नेमले, असे ताम्रपट सांगतो.

याच अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी विनामूल्य तर सुरू केली आणि एक अन्नछत्र उघडले. साळीचा भात, कालवणे आणि तूप तेथे फुकट मिळे, इतका तपशील ताम्रपटात आहे. राजा राष्ट्रकूट, अधिकारी अरब, दान एका देवीच्या मठिकेला आणि भाषा संस्कृत. दहाव्या शतकातील या किनाऱ्याचे याहून बोलके चित्र सापडणे कठीण. नंतरच्या ताम्रपटांपैकी एक शके ९५६, म्हणजे इ. स. १०३४ चा असून तो शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याचा आहे. त्यात भगवती देवीच्या मठिकेला तेलाचा घाणा दान दिल्याची नोंद आहे. देवीपुढे दिवा तेवता राहावा आणि मठिकेत येणाऱ्या ब्राह्मणांच्या पायांना तेल मिळावे, हा त्या दानाचा हेतू होता.

बाराव्या शतकासाठी 'महिकावतीची बखर' हा ग्रंथ पाहिला जातो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती संपादून १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. शके १०६० मध्ये प्रतापबिंब नावाचा राजा उत्तरेकडून आला, त्याने दमणपासून दक्षिणेकडे किनारा जिंकत नेला आणि महिकावती येथे राजधानी केली, अशी कथा या बखरीत आहे. पालघर-वसई पट्ट्यातील अनेक सोमवंशी व सूर्यवंशी कुळे आपला मूळपुरुष बिंबाबरोबर आल्याचे मानतात. वाडवळ समाजाच्या इतिहासलेखनाचा हा मुख्य आधार आहे. बखर वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या हातांनी लिहिली गेली असल्याने तिच्यातील सनावळी आणि वंशावळी जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत. महिकावती म्हणजे पालघरजवळचे केळवे-माहीम की मुंबईचे माहीम, यावरही मतभेद आहेत. मात्र गावांची नावे, कुळांची वाटणी आणि वतनांचे तपशील यांसाठी तिला दुसरा पर्याय नाही.

पोर्तुगीज आणि मराठे

१५३४ च्या तहाने वसई आणि १५५९ मध्ये दमण पोर्तुगिजांच्या हाती गेल्यावर मधला सारा किनारा त्यांच्या अमलाखाली आला. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू येथे त्यांचे कोट होते. समुद्रात ये-जा करणाऱ्या गलबतांना पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा लागे. तो नसल्यास गलबत जप्त होई. वाढवणच्या खडकांवर किल्ला नव्हता, परंतु दक्षिणेला तारापूरचा आणि उत्तरेला डहाणूचा कोट असल्याने भूशिराजवळून जाणारी गलबते या दोन ठाण्यांच्या दरम्यान सापडत.

१७३७ मध्ये सुरू झालेल्या मराठ्यांच्या वसई मोहिमेचा निर्णायक टप्पा जानेवारी १७३९ मध्ये आला. चिमाजी आप्पांच्या फौजेने माहीम, केळवे आणि शिरगाव एकापाठोपाठ घेतले आणि तारापूरच्या कोटाला मोर्चे लावले. सुरुंग उडवून तटाला खिंडारे पाडण्यात आली आणि मराठे आत शिरले. पोर्तुगिजांनी शर्थीने प्रतिकार केला. त्यांचा किल्लेदार लुईझ वेलोझो लढताना मारला गेला. मराठ्यांकडील बाजी भिवराव रेठरेकर हे येथेच गोळी लागून पडले. ते थोरल्या बाजीरावांचे जिवलग सहकारी होते आणि त्यांच्या मृत्यूने पेशवे कुटुंबाला मोठा धक्का बसला. त्यानंतर डहाणूसह उत्तरेकडील ठाणी मराठ्यांकडे आली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. १८१८ नंतर हा प्रदेश इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

लोकजीवन

मासेमारी, बागायती आणि डायमेकिंग हे या पट्ट्यातील मुख्य व्यवसाय आहेत. मांगेला, माच्छी, भंडारी, वाडवळ आणि आदिवासींपैकी वारली व धोडी हे समाज परिसरात राहतात. पापलेट, बोंबील, घोळ, दाढा, कोळंबी आणि शेवंड ही येथील समुद्रातील महत्त्वाची मासळी. पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित करण्यात आले, त्यामागे पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांचा आग्रह होता.

होडी नसलेल्या माणसालाही खडक उपजीविका देतो, ही गोष्ट वाढवणच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. ओहोटीला खडकांवर जाऊन कालवे फोडणे, शिंपल्या वेचणे, डबक्यांतील खेकडे व मासे पकडणे हे काम पायी केले जाते आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा असतो. बोटी व जाळ्यांची गणना सरकारदरबारी होते, पण टोपलीभर कालवांची नोंद सहसा कोठेच होत नाही. नुकसानभरपाईची चर्चा निघते तेव्हा ही त्रुटी ठळकपणे पुढे येते.

डायमेकिंग म्हणजे दागिने घडवण्यासाठी लागणारे पोलादी साचे हाताने कोरण्याचा व्यवसाय. चिंचणी, वरोर, वाढवण या गावांत घरोघरी असे कारागीर आहेत. समुद्राशी थेट संबंध नसलेला हा वर्गही बंदराच्या विरोधात मच्छीमारांबरोबर उभा राहिला.

बंदराचा वाद

भूशिराच्या दक्षिणेस सुमारे बारा किलोमीटरवर तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या; तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे विस्थापित झाली. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि डहाणूचे औष्णिक वीज केंद्र हे मोठे उद्योगही याच टापूत आले. या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेद्वारे डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. अंमलबजावणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष होते. जानेवारी २०१९ मधील निधनापर्यंत ते या पदावर राहिले.

पी अँड ओ या परदेशी कंपनीने वाढवण येथे बंदर उभारण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा तो या प्राधिकरणापुढे आला. सप्टेंबर १९९८ मध्ये प्राधिकरणाने हे बंदर अधिसूचनेच्या विरुद्ध आणि म्हणून अननुज्ञेय असल्याचा निर्णय दिला. कंपनीने माघार घेतली. स्थानिक लोकांच्या स्मरणात हा निर्णय एखाद्या मोठ्या विजयासारखा राहिला. पुढच्या आंदोलनांत त्याचा दाखला सतत दिला गेला.

२०१५ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांनी संयुक्तपणे बंदर उभारण्याचा करार केला आणि प्रकल्प पुन्हा जिवंत झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी त्यास तत्त्वतः मान्यता दिली. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना उद्योगांच्या वर्गवारीतून वेगळे केले. १९९८ चा निर्णय बंदर हा उद्योग आहे या गृहीतकाशी निगडित असल्याने हा बदल कळीचा ठरला. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने अटींसह ना-हरकत दिली. तिला आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या, त्यानंतर विरोधक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ जून २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास अंतिम मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पालघर येथे पायाभरणी झाली.

मंजूर आराखड्यानुसार बंदर किनाऱ्यावर नसून समुद्रात असेल. १,४४८ हेक्टर क्षेत्रावर भराव टाकला जाईल, त्यासाठी लागणारी वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून आणली जाईल आणि १०.१४ किलोमीटर लांबीची लाटरोधक भिंत बांधली जाईल. कंटेनरचे नऊ धक्के आणि वर्षाला २९.८ कोटी टन मालाची क्षमता योजलेली आहे. बंदर समुद्रात असल्याने गाव उठवावे लागणार नाही, खडकांचा पट्टा आणि शंखोदर यांना धक्का लागणार नाही, तसेच मोठ्या प्रमाणावर रोजगार मिळेल, अशी समर्थकांची भूमिका आहे.

वाढवण बंदर विरोधी संघर्ष समिती आणि मच्छीमार संघटना हा दावा मान्य करत नाहीत. भरावाखाली जाणारे क्षेत्र हेच मासेमारीचे आणि मासळीच्या विणीचे क्षेत्र आहे. भराव आणि भिंत यांमुळे प्रवाह बदलून लगतच्या गावांत पाणी शिरेल. जहाजांच्या वर्दळीने होड्यांना समुद्रात जाणे अवघड होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाला जाणवू लागलेले भूकंपाचे धक्के आणि अणुऊर्जा केंद्राची जवळीक यांकडेही ते लक्ष वेधतात. विस्थापन म्हणजे केवळ घर हलणे नव्हे, असा या विरोधाचा गाभा आहे. समुद्रातून जगणाऱ्याचे शेत समुद्रात असते, पण त्याचा सातबारा नसतो, हे त्यामागील कायदेशीर दुखणे होय. या विषयावर गेल्या काही वर्षांत मोर्चे, मानवी साखळ्या, गावबंद आणि निवडणुकांवरील बहिष्कार असे मार्ग अवलंबले गेले.

पोहोचण्याचा मार्ग

पश्चिम रेल्वेवरील वाणगाव हे जवळचे स्थानक असून बोईसर आणि डहाणू रोड येथूनही रस्त्याने चिंचणी-वरोरमार्गे वाढवणला जाता येते. खडकांवर जाण्यापूर्वी ओहोटीची वेळ पाहणे आवश्यक आहे. कोकण किनाऱ्यावर यासाठी तिथीला पाऊणने गुणण्याचा जुना आडाखा वापरतात: पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे साधारण पावणेचार वाजता पूर्ण भरती. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, तर पौर्णिमा व अमावास्येला बाराच्या सुमारास. डहाणूच्या बाजूला ही वेळ थोडी उशिराची असते. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. म्हणजे पितृकार्यासाठी अमावास्येला शंखोदरावर जायचे असेल, तर भर दुपारी तेथे पाणी असते. सकाळची किंवा संध्याकाळची ओहोटी साधावी लागते आणि पाणी फिरण्याआधी परतावे लागते. उधाणाच्या दिवसांत पाणी फार वेगाने चढते. शेवाळलेले खडकही निसरडे असतात.